रात्रीचा प्रसंग लिहिताय? आधी तिथी पाहा

ऐतिहासिक कादंबरीत चांदणं हमखास चुकतं; ऐन अमावास्येला लख्ख उजेड पडलेला असतो! म्हणून प्रसंगाची नुसती तारीख नको, तिथी शोधा.

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे दर तिथीला साधारण पाऊण तास उशिरा. सिंहगडच्या लढाईची माघ वद्य नवमी घेतली, तर मध्यरात्र उलटेपर्यंत मिट्ट काळोख. उलट पानिपतला (१४ जानेवारी १७६१) पौष शुद्ध अष्टमी. दिवस मावळला तेव्हा अर्धा चंद्र वर होता, म्हणजे पळणारा माणूस मध्यरात्रीपर्यंत दिसणार. पावसाळ्यात ढगांचा हिशोब अर्थात वेगळा.

सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजी पत्रांच्या तारखा मात्र जपून घ्या. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत. शिवकालीन तारखेत १० दिवस मिळवा, मगच तिथी काढा.