लोकांच्या संघर्षाच्या इतिहासातून ख्रिस्ती आशा कशी शोधावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इतिहासाचा विषय निघाला की गाडी बहुधा 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात सुरू केलेल्या कार्यापाशी येऊन थांबते. तो इतिहास महत्त्वाचा खराच. पण येथे राबणाऱ्यांनी काय सोसले आणि ते कसे टिकले, हे त्यात शोधून सापडत नाही. प्रार्थनासभेत किंवा अभ्यासगटात ते शोधायचे असेल, तर प्रथम एकच घटना निवडावी.

उदाहरणार्थ, निपाणीचे 1981 चे तंबाखू आंदोलन घ्या. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून तेथेच मुक्काम ठोकला आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या काळातील माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाताना "तुम्हाला काय वाटले?" असे मोघम विचारू नये. भाकऱ्या कोणी थापल्या, जनावरांना वैरण कोणी घातली, घरात भांडण कशावरून झाले, असे विचारावे; म्हणजे माणूस भाषण न करता आठवू लागतो. त्याच वेळी तंबाखूच्या वखारीत पदराने नाक-तोंड बांधून, ठसका आवरत दिवसभर निवडटिपण करणाऱ्या बायकांकडेही जावे. रस्त्यावर बसलेला शेतकरी आणि वखारीत बसलेली बाई यांची दुःखे एका पिकाची असली तरी एक नव्हेत, आणि वहीत ती एकाच शीर्षकाखाली कोंबणे हा अन्याय होय.

यानंतर लगेच आशेच्या वचनाकडे धाव घेऊ नये. आपल्याकडे ती सवय फार आहे: कोणी रडू लागले की दुसरा "देव चांगलाच आहे" म्हणून मोकळा होतो. आधी बायबलमधील 88 वे स्तोत्र वाचावे, जे अंधारातच संपते, आणि ती बैठक तेथेच थांबवावी. पुढच्या बैठकीत रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय घ्यावा. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा, असा पौलाचा क्रम आहे. त्यातील धीर नेमका कोणी धरला, हे वहीतल्या नोंदींत बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. आशेची कसोटी मात्र योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे: उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि थोमाला ते त्याने दाखवले. ज्या आशेला व्रण झाकावे लागतात, ती ख्रिस्ती आशा नव्हे, असे मी मानतो.

सीमाप्रश्नाचा इतिहास घेताना अधिक जपावे लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, याची सल अनेक मराठी घरांत आजही आहे आणि ती बोलून दाखवायला मंडळीत जागा असावी. पण निर्गमाची, म्हणजे मिसरच्या फारो राजाच्या दास्यातून इस्राएल लोक सुटल्याची, कथा उचलून आपण इस्राएल आणि कन्नड भाषिक मिसर, अशी मांडणी केली की शेजारच्या बाकावर बसलेला कन्नड बंधू फारोच्या पंक्तीला जातो. अशा वेळी आमोसाचा नववा अध्याय काढावा. इस्राएलाला मिसरातून आणणाऱ्यानेच पलिष्ट्यांना आणि अराम्यांनाही त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून आणले, असे तेथे देवच सुनावतो. शक्य असल्यास त्याच बैठकीत एखाद्या कन्नड घरातील आठवणही ऐकावी, आणि ती आपल्या आठवणीशी जुळली नाही तरी दोन्ही लिहून ठेवाव्यात.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून उचललेले बारा धोंडे मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून मांडले आहेत. म्हणून शेवटच्या बैठकीला तरुण मुलांना बोलवावे आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. सांगणाऱ्या आजीबाईंना त्यांचे टिपण आधी वाचून दाखवावे, त्यांनी खोडायला सांगितले ते खोडावे, आणि नाव घालायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्यावे.