वकिलाकडे पहिल्यांदा चालले? आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

लहान बहिणीच्या सासरच्या भांडणापायी आम्ही पहिल्यांदा तालुक्याला वकिलाकडे गेलो तेव्हा सहा जण होतो. बाबा, मी, मामा, लग्न जमवणारे काका, गावातले एक जाणते माणूस आणि सगळ्यात मागे ती. वकील मॅडमच्या ऑफिसात खुर्च्या तीनच. मॅडमनं पहिलाच प्रश्न विचारला, लग्न कोणत्या तारखेचं? बाबा म्हणे तूर निघाल्यावर लगेच, मामा म्हणे नाही भाऊजी, अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, काका म्हणे पत्रिका आहे ना घरी. पत्रिका घरीच होती. मग अर्धा तास आम्ही सासरच्यांचा उद्धार करत बसलो आणि जिची केस ती पोरीला मांडीवर घेऊन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, एक शब्द बोलली नाही.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सगळे जरा बाहेर चहा घ्या, मले ताईसोबत बोलू द्या." दहा मिनिटांत खरी गोष्ट बाहेर आली. दिवाळीत सासरी बैठक झाली होती आणि "आता आमचं एकमेकांवर काही घेणंदेणं नाही" असं लिहिलेल्या स्टॅम्प पेपरवर तिनं सही केली होती. मामाला माहीत होतं, आम्हाला नाही. "तुमी रागावसान म्हणून सांगतलं नाही दादा," एवढंच म्हणाली.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, वकिलापासून लपवणं. आपल्याकडे फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड सर्रास स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि लोक समजतात झालं. हिंदू विवाह कायद्यात (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू) कोर्टाच्या हुकुमाशिवाय घटस्फोट होत नाही, समाजात तशी जुनी रूढी असेल तरच वेगळं, आणि ती रूढी सिद्ध करावी लागते. पण कागद कच्चा असला तरी समोरचा वकील तो कोर्टात दाखवतोच आणि तेव्हा आपल्या वकिलाला पहिल्यांदा कळलं तर केस तिथंच लंगडी पडते. दुसरं लग्न, मारहाण आपल्याकडूनही झाली असेल, कुणाशी बोलणं चालू असेल, सगळं सांगा. वकिलाला सांगितलेलं त्यांना तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही, कायदाच आहे तसा. घरच्यांना सांगता येत नाही ते वकिलाला सांगता येतं.

आपला समाज कोणता आणि लग्न कोणत्या पद्धतीनं झालं हेही न लाजता सांगा. गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, त्यांची रूढी पाहतात. कोर्ट मॅरेज असेल तर 1954 चा वेगळा कायदा. वकिलानं हे विचारलं म्हणजे जात काढली असं नाही.

गर्दी नेऊ नका. जिची किंवा ज्याची केस तो माणूस आणि सोबत एक जण, बस. आणि दुपारी साडेअकराला जाऊ नका, त्या वेळी वकील कोर्टात पुकाऱ्याची वाट पाहत असतात, तुम्हाला पायरीवर उभ्याउभ्या पाच मिनिटं मिळतात. फोन करून संध्याकाळची वेळ घ्या, फक्त परतीच्या शेवटच्या एसटीचा टाइम आधी पाहून ठेवा.

कागदांचं तर काय सांगावं. आम्ही फक्त आधार कार्ड नेलं होतं. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, पोरांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, ठाण्यात तक्रार दिली असेल तर तिची पोच, आंदणाची आणि सोन्याची यादी पावत्यांसकट. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. शाळेच्या वहीत तारखा लिहून न्या: लग्न कधी, पहिलं भांडण कधी, माहेरी कधी आली. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर एवढं लिहिलं तरी वकील अंदाज काढतात.

खावटी म्हणजे पोटगी मागायची असेल तर नवऱ्याच्या कमाईचा काहीतरी पत्ता लागतो आणि शेतकऱ्याकडे पगाराची स्लिप नसते, "शेतीत काही राहत नाही" असंच उत्तर येतं. त्याच्या गावाचं नाव आणि गट नंबर न्या, सातबारा सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर कुणालाही पाहता येतो, आठ-अ वर खात्याची एकूण जमीन कळते. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलंय की खावटीच्या केसमध्ये दोघांनीही कमाई आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, म्हणून आपलं शिवणकाम, रोजमजुरी, बचत गटाचे पैसेही लपवू नका.

फोनमधलं काही डिलीट करू नका. रागात बहिणीनं नवऱ्याचे सगळे मेसेज उडवले होते, त्यातच धमकीचे व्हॉइस होते. स्क्रीनशॉट काढा पण मूळ फोनही जपून ठेवा, पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत कायद्यानं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि स्टेटसवर सासरच्यांना टोमणे मारू नका, तेही कोर्टात येतं.

नोटीस किंवा समन्स आलं तर पोस्टमनला परत पाठवू नका. "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट ते मिळालं असंच धरू शकतं आणि तुमच्याविना एकतर्फी निकाल होऊ शकतो. लिफाफ्यासकट घेऊन जा.

पैशाचं पहिल्याच दिवशी विचारा. एकूण फी किती, दर तारखेचे वेगळे का, टायपिंग-झेरॉक्स कोणाकडे, आणि दिल्याची पावती. यात अपमान नाही. वकीलपत्र, म्हणजे आपली केस चालवायला वकिलाला दिलेला अधिकाराचा कागद, वाचून सही करा, कोऱ्या कागदावर कधीच नाही. ऐपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो, 1987 चा कायदा आहे, 15100 वर फोन लावता येतो. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं, बाबा सोयाबीन पडत्या भावात विकून पैसे घेऊन आले होते.

आणखी एक, नवऱ्याच्या जिल्ह्यात जावं लागेल म्हणून कितीतरी पोरी केसच करत नाहीत. खावटीचा किंवा घरगुती हिंसाचाराचा अर्ज बाई जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही. घटस्फोटाचा अर्जही ती राहते त्या भागातल्या कोर्टात चालतो, फक्त तो वरच्या कोर्टात जातो, कुठल्या ते वकील सांगतात.

दुसऱ्या वेळी ती आणि मी दोघंच गेलो, बाबा पोरीला घेऊन बसस्टँडवर थांबले. वही तिच्या हातात होती. मॅडम विचारत गेल्या आणि ती पान उलटून सांगत गेली, मला बोलायची गरजच पडली नाही.