आधी तणसावर पडा, मग कॅमेऱ्यासमोर

बर्ट लँकेस्टर आणि निक क्रॅव्हॅट ही जोडी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्कशींत आडव्या बारवर कसरती करायची. हाताच्या दुखापतीनं लँकेस्टरची सर्कस सुटली. पुढे तो हॉलिवूडचा नट झाला आणि १९५० च्या ‘द फ्लेम अँड द ॲरो’मध्ये त्यानं क्रॅव्हॅटला सोबत घेतलं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात किंवा दंडार या लोकनाट्यात काम करणाऱ्या ज्यांना सिनेमाच्या मारामारीत जायचं आहे, त्यांनीही जोडीनंच शिकावं. उडी बऱ्याच जणांना येते, पडणं शिकावं लागतं.

धानाच्या बांधीत (शेतात) सराव नको, धसकटं लागतात. सारवलेल्या खळ्यावर कोरडं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ८ बाय ६ फूट, दोन फूट उंच पसरा. वरून ताडपत्री घालून कडा खाली खोचा. कडेला खुंटी किंवा दगड ठेवू नका. पडणारा सरकतो आणि डोकं तिथंच आदळतं. सोयाबीनचं कुटार (भुसा) टोचतं. ओलं तणस दबून कडक होतं. दहा-बारा वेळा पडून झालं की तणस हलवून घ्या, कारण मधोमध खड्डा पडला की माकडहाडाला मार बसतो.

उकिडवं बसा, हनुवटी छातीला, नजर बेंबीवर. पाठ गोल करून मागे लोळा. पाठ टेकताच दोन्ही तळवे अंगापासून हातभर अंतरावर आपटा आणि श्वास सोडा. मागे हात टेकायची सवय सगळ्यांनाच असते, मनगट मोडतं ते त्यामुळेच. म्हणून सुरुवातीचे काही दिवस हात छातीवर बांधूनच लोळा. जमलं की अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. पुढची कोलांटी उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे तिरकी घ्या, डोक्यावरून कधीच नाही. उंचावरून उडी मारायला ही गादी पुरत नाही.

नाटक रात्रभर चालतं. पहाटेच्या अंकात मारामारी असेल तर त्याआधी अंग पुन्हा गरम करा. मान दुखावली तर माणसाला हलवू नका, डोकं स्थिर धरून १०८ ला फोन लावा.

ठोशाचं चित्रण करताना मोबाइल मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवा. मूठ चेहऱ्यापासून वीतभर पुढून आडवी जाते, पण मधलं अंतर दिसत नाही. सुरुवातीचा इशारा मार खाणाऱ्यानंच द्यायचा. पडण्याचं चित्रण मात्र बाजूनं, दहा-बारा फुटांवरून, मोबाइल आडवा धरून. सिनेमात काम मागताना पाठवायची चित्रफीत एका मिनिटाची, उत्तम कसरत सर्वांत आधी, पाय पूर्ण दिसणारी आणि मध्ये न कापलेली हवी.