प्रोटोबफमध्ये काढलेला नंबर परत वापरू नका

कांदा लिलावाच्या नोंदींसाठी नाशिकमध्ये आम्ही एक अ‍ॅप केलं होतं. त्यातला डेटा प्रोटोबफने जायचा, म्हणजे डेटा मोजक्या बाइटांत बांधून पाठवायच्या पद्धतीने. त्यात प्रत्येक रकान्याला, म्हणजे फील्डला, एक नंबर असतो. आमचं ३ नंबरचं फील्ड क्विंटलमधल्या वजनाचं. पुढे वजन वेगळ्या मेसेजमध्ये (म्हणजे फील्ड्सच्या गटात) गेलं आणि रिकामा झालेला ३ मी दराला देऊन टाकला. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय! लासलगावला एकाच्या फोनवर जुनंच व्हर्जन होतं. त्याला ट्रॉलीत १८५० क्विंटल कांदा दिसला. तो खरं तर दर होता.

एरर कुठेच नाही. कारण प्रोटोबफ फील्डचं नाव पाठवतच नाही. मूल्याच्या आधी फक्त नंबर आणि प्रकार पाठवतो; या जोडीला टॅग म्हणतात. ३ नंबरच्या साध्या पूर्णांकाचा टॅग म्हणजे ३ गुणिले ८, अधिक प्रकार ०, म्हणजे २४. वजन असो की दर, बाइट तोच. बाइट वाचणाऱ्या डीकोडरला फरक कळणार कसा?

म्हणून फील्ड काढलंत की त्याच मेसेजमध्ये ‘रिझर्व्ह्ड ३;’ लिहा (कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत). मग कोणी तो नंबर परत घेतला तर कंपाइलरच अडवतो. नाव बदललं तर बाइनरीला काही होत नाही, पण जेसन (डेटा नावांसकट मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) वापरत असाल तर तिथे मोडेल.

आणखी एक. १ ते १५ नंबरांचा टॅग एका बाइटात बसतो, १६ पासून निदान दोन लागतात. म्हणून प्रत्येक नोंदीत येणाऱ्या फील्ड्सना १ ते १५ मधले नंबर द्या. उणे आकडे येणार असतील तर फील्डचा प्रकार ‘इंट३२’ नको, ‘एसइंट३२’ घ्या. नाहीतर साधा उणे १ सुद्धा दहा बाइट खातो.