डोंगरावर राहायला जायचंय? आधी जुलैत जाऊन राहा

मी परभणीला ३४ वर्षं एस.टी.त होतो, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. मे महिन्यात दुपारी दोनला फलाटावर उभं राहिलं की चपलेतून चटका लागायचा. हिला दमा पस्तिशीपासून आहे. पारा ४४ च्या वर गेला की रात्र रात्र बसून काढायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी आम्ही ठरवलं, उरलेले उन्हाळे इथं काढायचे नाहीत. पाचगणीत येऊन आता चौथं वर्ष चालू आहे. मधल्या काळात जुने सहकारी, हिच्या शाळेतल्या बाई, असे दहा-बारा जण फोन करून विचारत राहिले, "आम्ही कुठं घर बघावं?" त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. या कामात झालेली चूक उतारवयात निस्तरायला फार जड जाते, हे आम्ही पहिल्याच वर्षी भोगलं आहे.

उंची आणि पाऊस

हवेचं तापमान दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. परभणी समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीनं सहा अंशांचा फरक, झाडीचा आणि वाऱ्याचा वेगळाच. ६००-७०० मीटरवरचं गाव कुणी 'थंड हवेचं' म्हणून दाखवत असेल तर मेच्या दुपारी तिथं जाऊन बसा, पंखा लागतोच. आमच्या पायथ्याची वाई ७०० मीटरच्या आसपास आहे, एप्रिल-मेत चांगली तापते.

पण उंची बघून थांबू नका. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत फार फरक नाही, अंतर जेमतेम १८-१९ किलोमीटर. तरी महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. कोकणातून चढून आलेले ढग पहिल्या कड्यावर, महाबळेश्वरावर रिते होतात, पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्यात दम राहत नाही. आणखी बारा-तेरा किलोमीटर पसरणी घाट उतरून वाईत जा, तिथं पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत. एकाच रस्त्यावरची तीन गावं आणि तिन्हींचा पावसाळा वेगळा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पडला होता. परभणीत चांगल्या वर्षी सगळ्या पावसाळ्यात मिळून आठ-नऊशे पडतो, यावरून अंदाज करा.

म्हणून नकाशावर डोंगराची धार कुठं आहे ते बघा आणि तिच्या पूर्वेच्या अंगाचं गाव शोधा.

आम्ही कोणती गावं का सोडली तेही सांगतो. म्हैसमाळ आपल्या मराठवाड्यातलं, हवा छान, छत्रपती संभाजीनगर ४० किलोमीटरच्या आत. पण वस्ती फार थोडी. सहलीची माणसं संध्याकाळी परत गेली की सामसूम. चिखलदरा मला मनापासून आवडलं. अकराशे मीटरची उंची, महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथंच. पण अमरावती साधारण ८० किलोमीटर आणि मधला रस्ता घाटाचा, जंगलाचा. आंबोली ७०० मीटरवर आणि पाऊस ७,००० मिलिमीटरच्या वर, दम्याच्या माणसानं तिकडं बघूच नये. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढं मोटार जात नाही. रुग्णवाहिका जाते, २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही सुरू झाल्या, पण रोजची भाजी, गॅसची टाकी, पाहुण्यांचं सामान या सगळ्याला हमाल किंवा घोडा.

पन्हाळा मात्र आजही माझ्या मते पहिल्या दोनांत आहे. उंची साडेनऊशे मीटरच्या आसपास, कोल्हापूर फक्त २० किलोमीटर. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना मी पाचगणीच्या आधी पन्हाळाच सुचवतो. घर विकत घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. गड संरक्षित स्मारक आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०२५ मध्ये गड जागतिक वारशाच्या यादीतही गेला.

जुलै, जानेवारी आणि एक लांबलेला शनिवार-रविवार

आमची चूक अशी झाली की पहिलं घर आम्ही मेमध्ये पाहिलं. रस्त्याच्या खाली ४८ पायऱ्या उतरून, पश्चिमेला दरीकडे तोंड केलेली भली मोठी खिडकी. परभणीच्या उन्हातून आलेल्या माणसाला ती खिडकी म्हणजे स्वर्ग वाटला. घरमालकानं सांगितलं, "पावसात थोडा गारवा वाढतो, एवढंच." जूनच्या अखेरीस वारा फिरला आणि पाऊस आडवा यायला लागला. खिडकीच्या चौकटीतून पाणी आत. पंधरा दिवसांत कपाटामागं काळी बुरशी, उशांना वास, पुस्तकांच्या कडा फुगलेल्या. बुरशीनं दमा उठतो. परभणीच्या मेमध्ये झाला नव्हता एवढा त्रास हिला त्या जुलैत झाला. सप्टेंबरात घर बदललं.

म्हणून कोणतंही गाव ठरवण्याआधी तिथं जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात निदान आठ दिवस राहा. हॉटेलात नको, कुणाच्या तरी घरातली खोली भाड्यानं घ्या आणि स्वतः स्वयंपाक करा. धुतलेला टॉवेल वाळायला किती तास लागतात ते बघा. मिठाची पिशवी उघडी ठेवा, दुसऱ्या दिवशी किती पाणी सुटलं ते बघा. आगपेटी पेटते का? कपाट भिंतीपासून सरकवून मागं हात फिरवा. भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीवर ओलीचा डाग असेल तर पाणी जमिनीतून चढतंय, रंग देऊन ते थांबत नाही. शेजाऱ्यांकडं कपडे कसे वाळवतात ते विचारा. आमच्या गल्लीत शेगडीत कोळसे घालून वर वेताचं टोपलं पालथं घालतात आणि त्यावर कपडे पसरतात. ज्या घरांच्या पश्चिमेच्या भिंती पावसाळ्याआधी गवताच्या झडींनी किंवा प्लास्टिकच्या कागदानं झाकतात, त्या का झाकतात ते समजून घ्या. वीज गेली तर किती वेळ जाते, हेही याच आठ दिवसांत कळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, सहा दिवस धुकं हटलं नाही आणि ऊन दिसलं नाही, तर तुमच्या घरच्या माणसाचं मन कसं राहतं ते बघा.

दुसरी खेप जानेवारीत. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, वेण्णा तलावाकडं दव गोठल्याच्या बातम्या येतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या दाब मोजून वहीत लिहा आणि ती वही घरच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यांचं दुखणं असेल तर त्याचा निकालही जानेवारीतच लागतो. तेराशे मीटरवर धडधाकट माणसाला दम लागत नाही, पण फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना गावाची उंची आणि पाऊस, दोन्ही आकडे सांगून विचारा. नुसतं "हवापालटाला जातोय" म्हटलं तर तेही "जा" म्हणतील.

तिसरी खेप डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी. याचं कारण पुढं येतं.

दवाखाना घड्याळावर मोजा

फलाटावर इतकी वर्षं काढल्यामुळं मी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, मिनिटांत मोजतो. पाचगणीहून सातारा ४५-४८ किलोमीटर. नेहमीच्या दिवशी सव्वा तास. आमच्या दुसऱ्या डिसेंबरात, नाताळानंतरच्या शनिवारी संध्याकाळी हिला धाप लागली. इनहेलरनं उतरेना. घाटात खालून वर आणि वरून खाली गाड्यांची रांग. साताऱ्याच्या रुग्णालयात पोचायला पावणेतीन तास लागले. ती वाचली, कारण गावातल्या डॉक्टरांनी निघण्याआधी नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणारं यंत्र) देऊन इंजेक्शन केलं होतं. त्या रात्रीपासून आमच्या घरी नेब्युलायझर आहे, इन्व्हर्टरवर चालतो, आणि हिची औषधं पंधरा दिवस पुढची भरलेली असतात.

तुम्ही काय करायचं? ज्या मोठ्या रुग्णालयावर तुमची भिस्त राहणार, तिथपर्यंत तीन वेळा जाऊन बघा. एकदा साध्या दिवशी, एकदा पावसात रात्री, एकदा गर्दीच्या शनिवारी. सर्वांत जास्त लागलेला वेळ तोच खरा धरा. १०८ ची रुग्णवाहिका कुठं उभी असते ते विचारा. रात्री दार उघडणारा औषधवाला आहे का, बघा. पाचगणीत बेल-एअर रुग्णालय आहे, शंभर वर्षांपूर्वी क्षयरुग्णांसाठी इथल्या कोरड्या हवेच्या भरवशावर सुरू झालेलं. रोजच्या दुखण्याला गावात आधार आहे. पण अँजिओग्राफी लागली तर खाली उतरायचंच, हे आधीच मनाशी पक्कं करा. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढून ठेवावं (२०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट नाही) आणि ते कोणत्या रुग्णालयात चालतं याची यादी जवळ ठेवावी.

स्वतःची गाडी असली तरी एस.टी.चं वेळापत्रक वाचा. माझा साधा नियम आहे, गावात मुक्कामी गाडी येते का? रात्री गाडी मुक्कामाला थांबत असेल तर पहाटे जिल्ह्याच्या गावाला जायची सोय आहे, म्हणजे गावातल्या माणसांचं कामधंद्याचं जाणं-येणं बारा महिने आहे. फक्त हंगामात जादा गाड्या सुटतात ते गाव पर्यटकांचं, तुमचं नव्हे. पाचगणीवरून महाबळेश्वर, वाई, सातारा, पुणे अशा गाड्या दिवसभर जातात. पंच्याहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. डोळे अधू झाले, घाटात गाडी चालवणं बंद झालं, की याची किंमत कळते.

घर

पहिलं वर्ष भाड्यानंच राहा, आणि भाडेकरार जूनपासून सुरू करा म्हणजे सगळे ऋतू बघून होतात. परभणीचं घर आम्ही विकलं नाही, भाड्यानं दिलं. त्या भाड्यात थोडी भर घालून इथलं भाडं निघतं. माझं निवृत्तिवेतन अगदी थोडं, घर चालतं ते हिच्या पेन्शनवर. विकत घ्यायचा विचार आम्ही सोडून दिला.

आताचं घर बाजारापासून सात मिनिटं, सपाट रस्त्यावर, तळमजला, दार पूर्वेला. दरी दिसत नाही. सकाळचं ऊन मात्र थेट बिछान्यापर्यंत येतं आणि डिसेंबरात त्या उन्हासारखं औषध नाही. पायऱ्या मोजा, आणि त्या ओल्या असताना, हातात पिशवी घेऊन चढून बघा. पाण्याचं विचारा, तेही एप्रिलमध्ये. एवढा पाऊस पडूनही डोंगरउतारावर पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात नळाचा वेळ कमी होतो. ही आल्या आल्या म्हणाली होती, "इथली डाळ शिजत नाही." तिचं बरोबर होतं. या उंचीवर पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं, पातेल्यातल्या वरणाला जास्त वेळ लागतो. कुकर वापरा.

विकत घेणारच असाल तर तीन गोष्टी. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आहे. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. दुसरं, महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारनं २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे. इथं बांधकामावर, झाडतोडीवर, खोदाईवर कडक बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत, त्यांच्यामुळंच ही हवा उरली आहे. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषदेत जाऊन स्वतः ताडून बघा. तिसरं, सातबारा, जुने फेरफार आणि मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून, विकणाऱ्याच्या नव्हे.

कागदपत्रांत फार अडत नाही. पेन्शनचं खातं जवळच्या शाखेत वळवलं, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला ही मोबाइलवर चेहरा दाखवून देते.

माणसं

यावर मी कमी विचार केला होता, हिनं जास्त. परभणीत तिला रस्त्यात चार माजी विद्यार्थी भेटायचे, इथं पहिले सहा महिने कुणी नावानं हाक मारली नाही. नवं गाव आपण होऊन बोलवत नाही, आपणच जावं लागतं. ती गुरुवारच्या भजनात बसायला लागली. मग गल्लीतल्या तीन मुलांचं गणित घ्यायला लागली. आता संध्याकाळी अकरा येतात. पाचगणीपासून थोड्याच अंतरावर भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव, लोकांच्या घराघरांत मांडलेली पुस्तकं, कुणीही जाऊन वाचत बसावं. महिन्यातून दोनदा आम्ही तिथं डबा घेऊन जातो. वाईला उतरलं की विश्वकोशाचं कार्यालय आहे, उन्हाळ्यात व्याख्यानमाला असते, तिथं मराठवाड्यातली दोन-तीन कुटुंबं ओळखीची झाली. जिथं जाल तिथं अशी एखादी जागा आधी हेरून ठेवा, घराच्या आधी.

येत्या जुलैत बघायला येणार असाल तर स्वारगेटहून सकाळची महाबळेश्वर गाडी धरा, पाचगणीला उतरा. कपड्यांचे दोन जोड जास्तीचे आणा, इथं ते वाळत नाहीत. औषधं पंधरा दिवसांची आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. चपला मागं पट्टा असलेल्या, खालून खाचा असलेल्या.