पहिला वेचा विकण्याआधी हा हिशेब करा: कापूस विक्री सल्ला, हंगाम २०२५-२६

दसरा उलटला, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, शिवारात पहिला वेचा सुरू झाला. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभी पऱ्हाटी (कापसाची झाडं) पाण्यात राहिली, विदर्भातही कित्येक शेतांत खालची बोंडं सडली. हाती येतोय तो कापूस ओलसर आहे आणि दिवाळीचा खर्च तोंडावर आहे. खेडा खरेदीवाला (गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी) नेमका याच वेळी गाडी घेऊन दारात उभा राहतो. म्हणून या वेळचा सल्ला फवारणीचा कमी आणि विक्रीचा जास्त आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आठ-नऊ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. आणि २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या तयार कपड्यांपैकी साधारण एक तृतीयांश माल एकट्या अमेरिकेत जातो. तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामच्या कपड्यांवर तिथे २० टक्के कर होता, आपल्यावर ५०. तमिळनाडूत तिरुपूरच्या कपडे कारखानदाराची ऑर्डर अडली की सूतगिरणी हात आखडते, आणि सूतगिरणीने हात आखडला की आपल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकावर भाव उतरतो. कपडेवाल्यांना दिलासा म्हणून शुल्क माफ झालं, पण त्या दिलाशाचा भार आपल्या कापसावर आला, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

हे शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलं. २०२२ मध्येही ते एप्रिल ते ऑक्टोबर माफ झालं होतं. पण तेव्हा कापूस क्विंटलला दहा-बारा हजारांवर होता आणि एप्रिलपर्यंत बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकून झाला होता. यंदाची माफी बरोबर आपल्या वेच्याच्या महिन्यांवर येऊन बसली आहे. फरक तिथे आहे.

आता हिशेब. तो एकदा वहीत स्वतःच्या हाताने मांडा, म्हणजे मोबाइलवर आलेल्या 'भाव वाढणार'च्या निरोपांनी मन हलणार नाही.

न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा (सरकी म्हणजे बी काढलेल्या कापसाचा) भाव एका पौंडाला किती सेंट, असा बोलतात. २०२५ च्या ऑक्टोबरात तो पासष्टच्या आसपास होता. त्यात जहाजाचं भाडं आणि धाग्याच्या प्रतीचा फरक धरला तर आपल्या बंदरापर्यंत येताना तो पंचाहत्तर सेंट होतो असं समजू. सेंट गुणिले डॉलरचा रुपयातला भाव गुणिले २.२, म्हणजे एक क्विंटल रुईचे रुपये. डॉलर ८८ धरला तर ७५ × ८८ × २.२ = १४,५२०. किलोला १४५ रुपये. आपल्या एक क्विंटल कापसातून चांगला उतारा असेल तर ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. ३४ किलो रुईचे ४,९३७ रुपये. सरकी ३५ रुपये किलो धरली तर २,२४० रुपये. बेरीज ७,१७७. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा, म्हणजे खुल्या बाजारात हमीभावाच्या हजार-बाराशे खाली मागणी का होते ते लक्षात येईल.

११ टक्के शुल्क असतं तर त्याच परदेशी रुईला किलोमागे १६ रुपये जास्त पडले असते. ३४ किलोला ५४३ रुपये. एका अधिसूचनेची आपल्या क्विंटलमागची किंमत ही एवढी. घरी वीस क्विंटल कापूस असेल तर दहा हजारांच्या वर.

या हिशेबात दोन आकडे दर आठवड्याला बदला, सेंट आणि डॉलर. सरकीचा भाव गावातल्या तेलघाणीवर किंवा जिनिंगवर विचारा. ढेपेला (सरकीच्या पेंडीला) मागणी असली की सरकी चढते आणि कापसाला हात देते. कित्येक शेतकरी रुईच्या बातम्या वाचतात आणि सरकी विसरतात. वरच्या हिशेबात क्विंटलचा जवळजवळ तिसरा हिस्सा सरकीचा आहे. बातमी वाचताना मापंही सांभाळा. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. आपली गाठ १७० किलोची, अमेरिकेची ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या आसपास. दोन्हीकडच्या गाठी सरळ एकमेकींसमोर ठेवून तुलना केली तर गणित चुकतं.

कोट्याबद्दलही, म्हणजे ठरावीक मापापुरत्या सवलतीच्या आयातीबद्दलही, थोडं बोलतो, कारण कोट्यातून येणाऱ्या कापसाने आपला भाव पडतो का, असा प्रश्न गावागावांत विचारला जातो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात वर्षाला ५१,००० टन, म्हणजे आपल्या तीन लाख गाठी, लांब धाग्याचा कापूस बिनशुल्क आणायची मुभा आहे. देशात तीनशे लाख गाठींच्या आसपास पीक होत असताना तीन लाख गाठींनी आपला बाजार कोसळत नाही. चीन तर याहून काटेकोर वागतो. जागतिक व्यापार संघटनेत शिरतानाच त्याने ठरवून घेतलं की वर्षाला ८ लाख ९४ हजार टन कापसावर फक्त १ टक्का शुल्क, आणि त्यापुढच्या मालावर ४० टक्क्यांपर्यंत. गिरणीला लागेल तेवढं मोजून आत घ्यायचं आणि बाकीच्या मालाला दार लावून घ्यायचं, ही रीत आहे. आपल्याकडे दार सताड उघडलं गेलं. माझं मत विचाराल तर शुल्क माफ करायचंच असेल तर मोजून, कोटा ठरवून आणि मार्चनंतर करावं. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घाला, आमदार-खासदारांपर्यंत न्या. ती रास्त आहे.

चीनचं दार असं असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेशी चाललेल्या भांडणात त्याने २०२५ च्या मार्चपासून अमेरिकी कापसावर जादा शुल्क लावलं होतं. ब्राझीलचं पीक मोठं आहे, आणि २०२३-२४ मध्ये निर्यातीत त्याने अमेरिकेलाही मागे टाकलं. हा सगळा कापूस गिऱ्हाईक शोधत फिरतोय. ३१ डिसेंबरच्या आत जेवढा उतरवता येईल तेवढा गिरण्या उतरवून घेतील. त्यामुळे १ जानेवारीला शुल्क परत लागलं तरी दुसऱ्याच दिवशी भाव उसळेल अशी आशा धरू नका. गिरण्यांची गोदामं रिकामी व्हायला काही महिने जातील.

हे इतकं निक्षून सांगतो, कारण आशेवर कापूस ठेवण्याची किंमत मी घरात मोजली आहे. २०२१-२२ चे दहा-बारा हजार सगळ्यांनी पाहिले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात आमच्या कापसाला साडेआठ हजारांच्या आसपास मागणी होती. आम्ही म्हटलं, दहा झाल्याशिवाय गाडी भरायची नाही. माजघरात छताला टेकेल एवढा कापूस भरला. फेब्रुवारीत घरात किडे फिरायला लागले, मुलांच्या अंगाला खाज सुटली, आई रात्री ओसरीत झोपायला लागली. चुलीची ठिणगी उडेल म्हणून स्वयंपाक मागच्या पडवीत हलवला. मे महिन्यात पेरणीला पैसा हवा म्हणून तोच कापूस सात हजारांच्या घरात गेला, आणि वजनातली घट वेगळी. त्या वर्षी गावातल्या अर्ध्या घरांत हेच झालं.

म्हणून यंदाचा पहिला मार्ग हमीभावाचा. २०२५-२६ हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला (२९.५ ते ३०.५ मिलिमीटर) ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१० रुपये. गेल्या वर्षापेक्षा ५८९ रुपये जास्त. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर विकायचं तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. ती अजून केली नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती करा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कापसाची नोंद चढली आहे का ते पाहा. सोयाबीन आणि तुरीच्या आंतरपिकात कापसाचं क्षेत्र चुकून कमी लागलेलं मी बरेचदा पाहिलं आहे. एकरी किती क्विंटल घ्यायचा याला मर्यादा असते, म्हणून क्षेत्र कमी लागलं तर घरचाच माल केंद्रावर बसत नाही. चूक असेल तर तलाठ्याकडून आताच दुरुस्त करून घ्या. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, कारण पैसे तिथेच येतात. बटाईने शेत केलं असेल तर नोंद कोणाच्या नावाने आणि पैसे कोणाच्या खात्यात, हे मालक आणि बटाईदारांनी वेच्याआधी बसून ठरवा. नंतर वाद होतात.

आता ओलावा. केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापतात, म्हणजे ८,११० वर ८१ रुपये. १२ टक्क्यांवर ३२४ रुपये गेले, आणि १२ च्या पुढे कापूस घेतच नाहीत. गाडी परत आणायची म्हणजे भाडं दुप्पट. यंदाच्या कापसाचा ओलावा सकाळी वेचला तर पंधराच्याही पुढे निघू शकतो. तेव्हा दव उडाल्याशिवाय, साधारण नऊ-साडेनऊच्या आधी, वेचायला बसवू नका. मजुरी किलोवर असते, त्यामुळे सकाळचा जड कापूस मजुरांनाही बरा वाटतो. त्यांना नीट सांगा, लागलं तर किलोमागे रुपया वाढवून द्या. कपातीपेक्षा तो स्वस्त पडतो. वेचलेला कापूस ताडपत्रीवर पातळ पसरा, दुपारी एकदा हलवा, संध्याकाळी दवाच्या आत उचला. अंगणातल्या मातीवर टाकू नका.

वाळला की नाही हे कळायला घरी यंत्र नको. मूठभर कापसातली सरकी काढा आणि दाताखाली धरा. कट् असा आवाज होऊन फुटली तर कापूस वाळला. नुसती चेपली, दाताला चिकटली तर अजून एक ऊन द्या. ही परीक्षा ढिगाच्या वरच्या थरावर करू नका, हात कोपरापर्यंत आत घालून मधली मूठ काढा.

ढीग दोन ठेवा. पांढरा, पूर्ण उमललेला वेगळा. कवडी (अळीने खराब झालेला, नीट न उमललेला), पावसात भिजलेला, पिवळा पडलेला, सडक्या बोंडातला वेगळा. दोन मणांच्या कवडीने दहा क्विंटल चांगल्या कापसाची प्रत उतरते. कवडी खेडा खरेदीत गेली तरी चालेल. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा धागा चांगला असतो, तो शेवटच्या वेच्यात मिसळू नका.

वेचणीला ओटी (कमरेला बांधायची झोळी) आणि पोती सुताचीच वापरा. खताच्या रिकाम्या गोणीत कापूस दाबला की तिचा प्लॅस्टिकचा धागा रुईत जातो. तो जिनिंगमध्ये निघत नाही, सूत कातताना निघत नाही, आणि कापड रंगवल्यावर रंग न घेता पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. असं थान परत येतं. गिरण्या परदेशी कापसाकडे वळतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, तिकडचा माल यंत्राने वेचलेला आणि यात स्वच्छ असतो. बायांना डोक्याला सुती फडकं बांधायला सांगा आणि ते शेतमालकाने द्यावं. तंबाखूच्या पुड्या बांधावर. कस्तुरी कॉटन नावाने भारतीय कापसाची जी ओळख उभी करायचं चाललं आहे, तिची सुरुवात या ओटीपासूनच होते.

विक्रीचे तीन भाग पाडा. पहिल्या वेच्यातला वाळलेला माल स्लॉट (केंद्रावर माल आणायची ठरवून दिलेली वेळ) मिळेल तसा हमीभावाला, गरजेपुरते पैसे त्यातून. दुसरा वेचाही केंद्रावरच, डिसेंबरच्या आत. तिसरा भाग, तोही कोरडी स्वतंत्र खोली असेल तरच, फेब्रुवारीपर्यंत ठेवा आणि वरच्या हिशेबाने बाजार ८,११० च्या वर जातो का ते पाहा. केंद्रं बंद व्हायच्या आधी गेला नाही तर तोही केंद्रावर द्या. घरात चूल आणि कापूस एका छताखाली असेल तर तिसरा भाग ठेवूच नका. दिवाळीसाठी अगदीच अडलं असेल तर दोन-तीन क्विंटल व्यापाऱ्याला द्या, सगळी गाडी नको. देताना काटा आपल्यासमोर, चिठ्ठीवर वजन आणि भाव दोन्ही, आणि पैसे रोख किंवा त्याच दिवशी खात्यात. 'दिवाळीनंतर देतो' यावर कापूस सोडू नका.

शेतात आता गुलाबी बोंडअळीकडे लक्ष ठेवा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा एकरात फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तरच फवारणी करा. यंदाच्या भावात विनाकारण एक फवारा परवडत नाही. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, ठेवू नका. उशिराचा दोन क्विंटल कापूस कवडी निघतो, आणि पुढच्या हंगामाची अळी आपणच पोसतो. डिसेंबरअखेर शेवटचा वेचा करून पऱ्हाटी काढा, यंत्र मिळालं तर बारीक करून रानातच मिसळा. सरपणासाठी रचायचीच असेल तर घराजवळ किंवा जिनिंगच्या वाटेवर नको. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी खालची बोंडं सडलेलं रान आताच मोकळं करून हरभरा घ्यावा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर साधतो.