अमेरिकेचं अध्यक्षपद कोण जिंकू शकतो, ते रॅलीची गर्दी न मोजता कसं बघायचं

दर चार वर्षांनी तोच वाद असतो, एक गट म्हणतो आमच्या उमेदवारासाठी लोक वेडे झालेत बघा, दुसरा म्हणतो हे वेड प्रायमरीपुरतं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीपुरतं, नोव्हेंबरमध्ये निवडून येणारा माणूस द्या. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे, म्हणजे हा वाद परत ऐकावा लागणारच, तर तेव्हा नेमकं काय तपासायचं ते सांगतो.

आधी नकाशा काढा. अध्यक्ष निवडतात ते राज्यांना वाटून दिलेले इलेक्टर (प्रतिनिधी), एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात आणि मेन आणि नेब्रास्का सोडले तर ज्या राज्यात एका मताने का होईना पुढे, तिथले सगळे इलेक्टर तुमचे. २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात जवळपास २९ लाख मतं जास्त पडली तरी हरल्या, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून साधारण ७८ हजार मतांनी गेली. २०२० ला बायडन ७० लाखांनी पुढे होते खरे, पण अॅरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन मिळून त्यांची आघाडी फक्त ४३ हजारांच्या आसपास, ती तीन राज्यं उलटली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती! त्यामुळे कोणी म्हणालं की फार उत्साह आहे, तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या राज्यात? कॅलिफोर्निया डेमोक्रॅट्सचंच असतं, तिथे लोक नाचले तरी हिशोबात शून्य.

आता गर्दीचं. १९८४ ला डेमोक्रॅट उमेदवार मॉन्डेल यांच्या सभांना शेवटी शेवटी तुफान गर्दी व्हायची आणि ते ४९ राज्यं हरले. १९७२ ला डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नकडे तरुण कार्यकर्त्यांची फौज होती, हातात आलं मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, बास. सभेला येणारा तसाही मत देणारच असतो हो, तो किती जोरात ओरडला याने त्याची दोन मतं होत नाहीत.

पण म्हणून उत्साह खोटा असतो असंही नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. २०२० ला ट्रम्पच्या रॅली भरायच्या, बायडनच्या सभेत लोक कोरोनामुळे गाडीत बसून हॉर्न वाजवायचे, सगळे हसायचे. ट्रम्पना खरंच २०१६ पेक्षा १ कोटी १० लाखांहून जास्त मतं पडली, म्हणजे तो जोश खराच होता. फक्त त्यांना घालवायचंच म्हणून बाहेर पडलेल्यांचा जोश त्याहून मोठा निघाला, ७.४ कोटी विरुद्ध ८.१ कोटी. तेव्हा पोल वाचताना "तुमच्या उमेदवाराबद्दल किती उत्साह" एवढंच बघू नका, समोरच्याबद्दल राग किती तेही बघा, राग पण रांगेत उभा राहतो. आणि दोन्ही उमेदवार न आवडणारे लोक कुणाकडे झुकतायत ते तर बघाच, २०१६ ला तसले बरेच जण शेवटी ट्रम्पकडे गेले.

मग एक साधा हिशोब करा. घरी बसणारा माणूस तुमच्यासाठी बाहेर आला तर तुम्हाला एक मताचा फायदा. समोरच्याचा मतदार तुमच्याकडे आला तर दोनचा, कारण तुमचं एक वाढलं आणि त्याचं एक कमी झालं. "आम्ही नवीन तरुण मतदार आणू" हे डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांचं म्हणणं ऐकायला भारी वाटतं पण एका नाराज मध्यममार्गी माणसाच्या बदल्यात दोन तरुण आणायला लागतात, आणि ते पण स्विंग स्टेटमधले, म्हणजे कुठल्याही बाजूला झुकू शकणाऱ्या राज्यांतले.

इलेक्टेबिलिटीच्या, म्हणजे कोण निवडून येऊ शकतो याच्या, गप्पांवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो बहुतेक वेळा मतदारांनी दुसऱ्या मतदारांबद्दल लावलेला अंदाज असतो. २००४ ला डेमोक्रॅट्सना हॉवर्ड डीन आवडत होते पण जॉन केरी व्हिएतनाममध्ये लढलेले, ते बुशला टक्कर देतील म्हणून त्यांना उभं केलं, आणि २८६-२५१ ने हरले. ओबामा निवडून येणारच नाहीत असं भरपूर लोक म्हणायचे, आयोवासारखं बहुतांश गोरं राज्य त्यांनी जानेवारी २००८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत जिंकलं तेव्हा ती कुजबुज कमी झाली. उलट २०२० ला उमेदवारीच्याच लढतीत बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, संपल्यातच जमा होते, मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचललं आणि तीन दिवसांनी सुपर ट्यूसडेला (एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत प्रायमरी होतात तो मंगळवार) १४ पैकी १० राज्यं त्यांची! हाच जिंकू शकतो असं वाटणं हाच तिथे उत्साह झाला होता. म्हणून कोणी "हा इलेक्टेबल आहे" म्हटलं की विचारा, कुणाची मतं हा नवीन आणणार, गटाचं नाव सांग.

पोल उघडला की खाली बारीक अक्षरात बघा, नोंदणी केलेले मतदार विचारलेत की मत देण्याची शक्यता असलेले, दोघांत दोन-तीन टक्के सहज इकडेतिकडे होतात आणि स्विंग स्टेटमध्ये तेवढ्यातच निकाल असतो. वर्षभर आधीचे "हा विरुद्ध तो" पोल नुसते चाळा, नवख्याचं नाव तोवर लोकांना माहीतच नसतं.

निकालाच्या रात्री पहिल्या दोन तासांचे आकडे बघून उड्या मारू नका. २०२० ला पेनसिल्व्हेनियात टपालाची मतं मतदानाच्या दिवशी सकाळच्या आधी उघडताच येत नव्हती, ती शेवटपर्यंत मोजत बसले, मतदान मंगळवारी आणि निकाल जाहीर झाला शनिवारी.